तारिमा बाहेर जाणार नाही

लिब्रादोने निकाल सांगितला तेव्हा ओब्दुलिया तारिमेवर बसून बुटांचे बंद आवळत होती.

"तारिमा अंगणात न्यायची," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगच्या पेटीला तुझे पाय सोसत नाहीत."

ओब्दुलियाने गाठ मारली, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकले आणि धाकट्या भावाकडे पाहिलं.

"मग पेटी अंगणात ने."

कोपऱ्यात बसलेला म्हातारा तिर्सो खुदकन हसला. त्याच्या मांडीवर लेओना होती, म्हणजे त्यांच्या वाद्यांतली सगळ्यात जाड आवाजाची गिटार. तिर्सो माल्पिकांच्या रक्ताचा नव्हता, पण इतकी वर्षं त्यांच्याकडे जेवला होता की आता ते कुणाच्या लक्षातही नसे. लिब्रादोने डोळे वटारले तसा तो घाईघाईने तारा पिळू लागला.

पापालोआपान नदीच्या काठावर माल्पिकांचा गट कुणाला ठाऊक नाही? लिब्रादो हाराना, म्हणजे छोटी गिटार, वाजवतो आणि गातो, तिर्सो लेओना छेडतो आणि ओब्दुलिया नाचते. नाचते म्हणजे नुसते हातवारे करत नाही. तारिमा हा जाड फळ्यांचा, आतून पोकळ असा बुटका चौथरा. त्यावर उभी राहून ती टाचांनी आणि चवड्यांनी तो वाजवते. हे वाद्य नव्हे असं ज्याला वाटतं त्याने एकदा तारिमेवाचून ही गाणी ऐकावीत. मीठ न घातलेला मासा खावा तसं वाटेल.

यंदा कांदेलारियाच्या जत्रेआधी गटाचा पहिला अल्बम घरच्या घरी रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. मागची खोली लिब्रादोने कधीच बळकावली होती. भिंतींना गाद्या टांगल्या होत्या, खिडकीत घोंगडी ठोकली होती. आत गेलं की माणसाला आपलाच श्वास ऐकू यायचा आणि घामाने अंगरखा पाठीला चिकटायचा. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. आधी माइक वाईट ठरले म्हणून नवे आले. मग वायरींनी घात केला. मग कॉम्प्युटरचं पाप निघालं. आता पाळी आली होती प्रीअँपची.

माइककडून येणारा आवाज अगदीच नाजूक असतो. तो मोठा करून कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी पेटी म्हणजे हा प्रीअँप. आवाज तिला झेपला तर हिरवा दिवा आणि झेपला नाही की लाल. लाल लागला की स्पीकरमधून फाटका, करकरीत आवाज येतो आणि ते रेकॉर्डिंग टाकून द्यावं लागतं. लिब्रादोच्या गळ्याला लाल दिवा कधी लागला नव्हता. हारानाला नाही, लेओनाला नाही. ओब्दुलियाने टाच मारली की लागत होता.

आणि गंमत अशी की चाचणीत लागत नव्हता. दर वेळी रेकॉर्डिंगआधी लिब्रादो तिला नाचायला लावायचा, पेटीचं बटण फिरवून आवाज नीट लावायचा आणि हिरवा दिवा बघून खूश व्हायचा. मग खरं गाणं सुरू व्हायचं. पहिलं कडवं सरळ जायचं आणि पुढे पेटी फाटायची. तो पुन्हा चाचणी घ्यायचा. पुन्हा हिरवा. पुन्हा गाणं, पुन्हा लाल.

"परीक्षेत पास आणि लग्नात नापास," तिर्सो म्हणायचा.

"आतून झिजलीय ती," लिब्रादो म्हणायचा. "नवीच घ्यायला पाहिजे. हालाप्याला त्या दुकानात आहे एक. ऐकलंस ना, तर रडशील."

"रडायला मला पेटी लागत नाही. तू पुरतोस," ओब्दुलिया म्हणायची.

पण घोडं अडलं होतं ते गटाच्या डब्यापाशी. डबा ओब्दुलियाच्या ताब्यात होता आणि त्यातले पेसो गल्लीतल्या फांदांगोसाठी होते. कांदेलारियाला त्यांच्या गल्लीत तारिमा मांडली जाई, आणि जो येईल तो वाजवी, गाई, नाचे आणि पोटभर खाऊन जाई. मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामालेस, कॉफी, शेंगदाण्याचा गोड दारूवाला तोरितो. ही रीत त्यांच्या आईने, एउस्तोलियाने, पाडली होती. डब्यातून एक तर नवी पेटी आली असती, नाही तर फांदांगो झाला असता. दोन्ही नाही.

"म्हणून मधला मार्ग काढलाय," लिब्रादो आता समजुतीच्या स्वरात म्हणाला. "फांदांगो होऊ दे. पेटी जुनीच राहू दे. फक्त तू रेकॉर्डिंगला नाचू नकोस. पाय नंतर माझी नेरेइदा कॉम्प्युटरमधून घालील. तयार आवाज मिळतात."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे काय? तयार असतात. ठक ठक."

"म्हणजे कुठल्यातरी परक्या बाईची ठक ठक माझ्या आईच्या गाण्यात."

"दुली, हट्ट करू नकोस."

"हट्ट अजून सुरूच केला नाही मी."

लिब्रादो पाय आपटत बाहेर गेला. तेवढ्या आपटण्यालाही ताल होता, हे त्या घराण्याचं नशीब.

ओब्दुलियाचा राग पेटीवर नव्हता. ती लहान असताना बंदरातून रेडिओची माणसं त्यांच्या अंगणात मशीन घेऊन आली होती. बाप गायला उभा राहिला, जवान तिर्सो लेओना घेऊन बसला, आई तारिमेवर चढली. तिने टाच मारली आणि मशीनची सुई उडाली. रेडिओवाला अगदी अदबीने म्हणाला, "बाईंना जरा खाली उतरवा." कुणी काही बोललं नाही. नवरा बोलला नाही, तिर्सो बोलला नाही. आई उतरली आणि सगळ्यांसाठी कॉफी करायला गेली. ती टेप अजून जत्रेच्या दिवसांत रेडिओवर वाजते. बापाचा आवाज ऐकून म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात, लिब्रादोची छाती फुगते. आणि जिच्या पायांसाठी खालच्या गावांतून माणसं होडीने येत, त्या एउस्तोलियाचं त्या टेपवर काहीही नाही. आता ती मातीत आहे, आणि ते पाय कसे वाजत हे सांगायला ओब्दुलियाकडे शब्द नाहीत. तिला एवढंच ठाऊक होतं की आपण उतरायचं नाही. अल्बम निघो, न निघो.

रविवारी सकाळी नेरेइदा आली. लिब्रादोची ही मुलगी हालाप्याच्या एका नाटकगृहात आवाजाचं काम बघायची. बापाने फोनवर इतकी कटकट केली होती की ती एक नवाकोरा प्रीअँप मैत्रिणीकडून दोन दिवसांपुरता मागून घेऊन आली.

"आधी लावून बघा, मग भांडा," ती म्हणाली. "आत्या, तू खाल्लंस का काही?"

"तुझ्या बापाने डोकं खाल्लं, तेवढ्यावर भागलं."

नवी पेटी दिसायला देखणी होती, हे मान्य करायला हवं. लिब्रादोने ती टेबलावर ठेवली, तिच्यावरून बाहीने धूळ पुसली. धूळ नव्हतीच. मग माइक तारिमेच्या कडेशी लावला, कानांवर हेडफोन चढवले आणि हाराना हातात घेतली.

"चल, दुली. चाचणी."

ओब्दुलिया तारिमेवर चढली. लिब्रादोने हाराना छेडली आणि सवयीने तोंडाला आलं ते कडवं गायला लागला. बहिणीला डिवचल्याशिवाय त्याची चाचणी होत नसे.

"नदीकाठची ही म्हातारी
टाच मारते रागानं,
पेटी माझी गरीब बिचारी
थरथर कापे धाकानं!"

तिर्सोने दाद दिली. नेरेइदाने हसत बटण फिरवलं. हिरवा दिवा स्थिर होता. लिब्रादोचा चेहरा इतका उजळला की ओब्दुलियाला क्षणभर त्याची दया आली. लहानपणी नदीवर पहिला मासा पकडला तेव्हाही तो असाच दिसला होता.

"बघितलंस? बघितलंस? आता खरं."

खरं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं छान गेलं. शब्द संपले, हाराना मोकळी सुटली, ओब्दुलियाने टाच मारली आणि नव्याकोऱ्या पेटीचा दिवा लालबुंद झाला. स्पीकर करकरला.

तिर्सोने लेओना खाली ठेवली.

"वायर असेल," नेरेइदा पुटपुटली. वायर बदलली. पुन्हा तेच.

"याच्याहून मोठी पेटी असते," लिब्रादो हळूच म्हणाला. "दुकानात बघितलीय मी. त्या वरच्या फळीवर."

इथे ओब्दुलियाचा पारा चढला.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक नाचणारीला म्हणतात. इथं नाचणारी नाचतेय आणि अंगण बदलायला निघालाय तू! उद्या घर बदलशील. परवा नदी बदलशील!"

"अगं, मग तू चाचणीत नाचतेस तसं का नाचत नाहीस?" लिब्रादोही ओरडला. "चाचणीत कशी शहाण्यासारखी नाचतेस! दिवा हलत नाही! आणि रेकॉर्डिंग लागलं की अंगात येतं तुझ्या!"

"कारण चाचणीत तू गात असतोस!"

ती हे बोलली आणि स्वतःच थांबली.

नेरेइदा बापाकडून आत्याकडे आणि आत्याकडून पेटीकडे बघायला लागली. तिर्सोने कपाळावर हात मारून घेतला. "हात्तिच्या!"

या काठावर हे कुणी कुणाला शिकवत नाही. गाणारा कडवं म्हणतो तेव्हा तारिमेवरची बाई पाय हलके करते, चवड्यांवर, पुसट, शब्दांखाली धरून ठेवल्यासारखे. शब्द संपले की मग टाच. चालू कडव्यावर टाच मारली तर लोक वळून बघतील, आणि असं बघितलेलं इथे कुणी विसरत नाही. ओब्दुलियाने तर आयुष्यात तसं कधी केलं नव्हतं. आणि लिब्रादोला हाराना हातात आल्यावर गप्प बसणं जन्मात जमलेलं नव्हतं. कुणाला नाचायला सांगायचं तर कडवं म्हणायचंच, ही त्याची रीत. दर चाचणीत तो गायचा, दर चाचणीत तिचे पाय आपोआप खाली जायचे, आणि त्या खालच्या पायांवर तो बटण लावायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माइक, वायरी, कॉम्प्युटर सगळं बदलून झालं, आणि कारण भाऊबहिणीच्या अंगातच मुरलेलं होतं.

"बाबा, हाराना खाली ठेवा," नेरेइदा म्हणाली. तिचं हसू आवरत नव्हतं. "आणि तोंडही मिटा. आत्या, आता कुणी गाणार नाही. तुझा सगळ्यात मोठा आवाज काढ. मला त्यावर बटण लावायचंय."

ओब्दुलिया तारिमेच्या मधोमध उभी राहिली. तिला अवघडल्यासारखं झालं. गाणं नाही, हाराना नाही, नुसत्या फळ्या आणि तीन माणसं बघतायत. मग तिच्या मनात आलं की असं आपल्याला कुणी कधी विचारलंच नाही. हळू नाच, थांब, उतर, हे सगळ्यांनी सांगितलं. तुझा सगळ्यात मोठा आवाज किती, हे विचारणारी ही पोरगी पहिली. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

तिने टाच मारली. मग दुसरी. मग जे इतकी वर्षं कडव्याकडव्यांच्या फटींत बसवलं होतं ते तिने सगळंच्या सगळं फळ्यांवर ओतलं. भिंतीवरची एक गादी सुटून खाली आली. शेजारच्या अंगणातली कोंबडी ओरडत पळाली. नेरेइदा बटण मागे घेत गेली, घेत गेली आणि शेवटी लाल दिवा विझला.

"बस," नेरेइदा म्हणाली. "हा तुझा आवाज. आता यातच राहायचं पेटीने."

हेच मग जुन्या पेटीवर करून पाहिलं. जुनीही तगली. पण लिब्रादो चिवट माणूस. त्याने दोन्ही पेट्यांवरचं रेकॉर्डिंग लावलं, हेडफोन बहिणीच्या कानांवर चढवले आणि म्हणाला, "आता हळू पाय ऐक. कडव्याखालचे. जुन्यात मागे सूं आवाज येतोय, नव्यात येत नाही. खोटं असेल तर सांग."

ओब्दुलियाने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकायला मागितलं. लिब्रादो खोटं बोलत नव्हता. नव्या पेटीत तिचे चवडे स्वच्छ ऐकू येत होते, जुनीत त्यांच्यामागे बारीक सुस्कारा होता. नेरेइदाही मान हलवून म्हणाली, "आत्या, फरक आहे. थोडा, पण आहे."

"आहे," ओब्दुलिया म्हणाली. हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले. "पण तो ऐकायला मला श्वास रोखून धरावा लागला. आपल्या फांदांगोला येणारं कोण श्वास रोखून ऐकतं रे? तिथे पोरं रडतात, कुत्री भुंकतात, तिर्सोकाका घोरतात."

"मी घोरत नाही, मी ताल धरतो," तिर्सो म्हणाला.

"नवी पेटी नाही. डबा फांदांगोचा आहे आणि फांदांगोचाच राहील. पाय राहतील, पेटीही हीच राहील. ज्याला सूं आवाज टोचेल त्याने नदीवर जाऊन बसावं, तिथेही येतो."

"पण लोक काय म्हणतील? हालाप्याचे, मेहिकोचे? घरगुती आहे म्हणतील!"

"घरगुतीच आहे! हे घर नाही तर काय चर्च आहे? त्या गाद्यांवर तू मुतायचास, विसरलास का?"

नेरेइदा पोट धरून हसली. लिब्रादोच्या तोंडावर आधी राग आला, मग लाज आली. शेवटी नेहमीसारखं त्याने हाराना उचलली, कारण दुसरं काही सुचलं नाही की तो तेच करी.

दुपारी सगळी गल्ली जेवून आडवी झाल्यावर त्यांनी गाणं घेतलं. जुनी पेटी, तीच खोली, गादी पुन्हा टांगलेली. लिब्रादोने पहिलं कडवं म्हटलं, ओब्दुलियाचे चवडे त्याखाली चालले. शब्द संपले, टाच पडली. दिवा हिरवाच राहिला. लिब्रादोने चोरून पेटीकडे बघितलं आणि वाजवत राहिला. मग दुसऱ्या कडव्याची वेळ आली. त्याने श्वास घेतला, पण शब्द आले ते तारिमेवरून. नाचणाऱ्या बाईने तिथूनच गाऊ नये असा काही कायदा नाही. त्यांच्या घरात तारिमेवरून कुणी गायलं नव्हतं, एवढंच. ओब्दुलियाचा आवाज जाडाभरडा होता, वर चढताना थोडा फाटला. तिने पर्वा केली नाही.

"गाणाऱ्यांचे गळे राहिले,
टेपवरती त्यांची नावं;
आईचे गं पाय कुठे ते
विचारतंय सारं गाव!"

तिर्सोची बोटं लेओनावर एक ठोका चुकली. म्हाताऱ्याने मान खाली घातली ती गाणं संपेपर्यंत वर केली नाही. ओब्दुलियाने ते बघितलं. तिला वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. कडवं संपलं आणि ती नाचली. गुडघा दुखत होता, तो दुखू दिला.

मग सगळे टेबलाभोवती जमले. नेरेइदाने गाणं लावलं. स्पीकरमधून माणसांआधी लाकूड बोललं, खोल आणि गरम, आणि खोलीतल्या हवेला जणू वजन आलं. ओब्दुलिया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आपले पाय आपल्यापासून दूर, आपल्याशिवाय वाजताना ती पहिल्यांदा ऐकत होती. हे असंच ऐकू येत असेल का आईचं, असं तिला वाटलं.

"छान झालंय," लिब्रादो घसा खाकरून म्हणाला. "खरंच छान झालंय, दुली." त्याने कॉम्प्युटरवर तारिमेच्या आवाजाची पट्टी शोधली आणि बोट टेकवलं. "फक्त पाय जरासे खाली घेतो. थोडेसेच. कडवं नीट वर यायला."

ओब्दुलिया दारातून आली. तिने त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि पट्टी वर सरकवली. लिब्रादोने ओढून बघितलं. तिने आणखी वर नेली.

"अगं, माझा आवाज मागे जातोय!"

"जातोच," ती म्हणाली. "तारिमेपाशी उभं राहिलं की नेहमीच जातो. तुला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच."

त्याने तिर्सोकडे पाहिलं. म्हाताऱ्याने नजर चुकवली नाही.

"जातो," तिर्सो म्हणाला. "तुझ्या बापाचाही जायचा."

लिब्रादोने बोट काढून घेतलं. ओब्दुलियाने पट्टी आणखी थोडी वर नेली, ऐकलं आणि हात बाजूला केला.

"जतन कर, नेरेइदा," ती म्हणाली, आणि नेरेइदाने बापाला न विचारता जतन केलं.